जुना स्लॅब, जुना कोबा : पाडायचा कुणाकडून आणि कसा?



गळीत हंगाम संपला आणि शेवटचं बिल बँकेत जमा झालं, की आपल्या भागात दोन कामं निघतात. एक लग्नाचं, दुसरं घराचं. लग्नाविषयी सल्ला देण्याचा आमचा अधिकार नाही. घराच्या कामाविषयी मात्र या अंकात चार गोष्टी लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याला स्लॅबचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. पण बेणे प्लॉट पाहायला गटात फिरताना हल्ली आम्हाला खोडव्याइतकाच हाही प्रश्न विचारला जातो, "साहेब, वरचा स्लॅब गळतोय, पाडू का ठेवू? आणि पाडायचा तर कुणाला सांगू?" शिवाय या कामाचा आपल्या गव्हाणीशीही संबंध येतो. तो शेवटी सांगू.

आपल्या कार्यक्षेत्रातली बरीच स्लॅबची घरं १९७० ते १९९० या काळातली आहेत. उसाचं बिल हातात आलं, कौलं उतरवली, स्लॅब टाकला. त्या वेळी सिमेंट परमिटवर मिळत असे. सिमेंटवरचं नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्ण उठलं. तोवर अनेकांनी मिळेल तेवढ्या गोण्यांत भागवलं, वाळू जास्त आणि सिमेंट कमी असं मिश्रण झालं, पाणी मारायचं ते चार दिवसांत बंद झालं. त्यात विहिरीचं पाणी खारं असेल तर बोलायलाच नको. ते स्लॅब आता चाळीस-पन्नास वर्षांचे झाले आहेत.

आत काय होतं ते आपल्या भाषेत सांगतो. जमिनीचा सामू साडेआठच्या वर गेला की आपण काळजी करतो. काँक्रीटचं उलट आहे. नव्या काँक्रीटचा सामू साडेबाराच्या पुढे असतो आणि तोपर्यंत आतला गज सुरक्षित असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं वर्षानुवर्षं हा सामू उतरत जातो. तो नवाच्या आसपास आला आणि गळतीचं पाणी पोचलं, की गज गंजायला लागतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुगतं, गजाच्या रेषेत चीर पडते आणि पोपडे गळतात. हातोडीनं हलकेच ठोकून पाहावं. भरीव ठिकाणी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या ठिकाणी बद्द येतो.

प्रत्येक गळका स्लॅब पाडावा लागतो असं नाही. एका कोपऱ्यात, मोरीच्या बाजूला तेवढंच खराब असेल तर इंजिनिअरला दाखवून दुरुस्ती होते. मात्र खोलीभर गज उघडे पडले असतील, गज हातानं सोलला जात असेल किंवा स्लॅबला मध्ये झोळ आला असेल, तर वरून नुसता गिलावा करून ते झाकू नये. झाकलेला स्लॅब पडताना सांगून पडत नाही.

आता आमचंच उदाहरण सांगतो. वडिलांनी १९७९ साली सोप्यावर १२ बाय १० चा स्लॅब आणि पुढे अडीच फुटांचा सज्जा टाकला होता. २०१८ च्या उन्हाळ्यात तो पाडायचं ठरवलं. गावातल्या एकानं सांगितलं, ब्रेकर लावलेला जेसीबी आणतो, तासावर पैसे द्या, दोन तासांत मोकळं करतो. आम्ही हो म्हणालो. खाली टेकू दिले नाहीत, इंजिनिअर बोलावला नाही, शेजारच्या चुलतभावाला नुसतं "उद्या काम आहे" एवढं सांगितलं. शेतकऱ्याला माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका म्हणणारे आम्हीच, आणि घरच्या कामात आम्ही काहीच तपासलं नाही.

मशीननं सुरुवात केली ती सज्जावरच्या भिंतीपासून. पंधरा मिनिटांत भिंत उतरली आणि पाठोपाठ सज्जा अखंडच्या अखंड खाली आला. त्याखाली ड्रायव्हरबरोबर आलेलं सतरा-अठरा वर्षांचं पोरगं राडारोडा ओढत होतं. ते दोन मिनिटांपूर्वी आमच्या मातोश्रींनी चहाला हाक मारली म्हणून आत गेलं होतं. चहानं त्या पोराचा जीव वाचवला, आमच्या अकलेनं नाही.

असं का झालं ते नंतर तालुक्याच्या इंजिनिअरनी समजावलं. स्लॅब चारही बाजूंनी भिंतीवर टेकलेला असतो. सज्जा किंवा गॅलरी एकाच बाजूनं धरलेली असते. त्यातला मुख्य गज वरच्या अंगाला असतो आणि भिंतीवरच्या बांधकामाचं ओझं सज्जाचं मागचं टोक दाबून धरतं. बैलगाडीत मागे ऊस जास्त झाला आणि पुढचं वजन काढलं तर गाडी उलाळ होते, तोच हा प्रकार. म्हणून सज्जाला आधी खालून टेकू, मग सज्जा फोडायचा, आणि वरची भिंत त्यानंतर. आमच्याकडे सगळं नेमकं उलट झालं.

दुसरं नुकसान शेजारी झालं. चुलतभावाची सामाईक भिंत दगड-मातीची. ब्रेकरच्या हादऱ्यानं तिला वरपासून खालपर्यंत भेग पडली आणि मधे पोट सुटलं. मशीनवाल्यानं तासाचे पैसे घेतले आणि भिंतीशी आपला संबंध नाही म्हणाला. कागद काही केला नव्हता, त्यामुळे आम्हाला बोलायला तोंड नव्हतं. भिंत आम्ही बांधून दिली. जे पैसे वाचवायला निघालो होतो त्याच्या कितीतरी पट गेले, आणि भावकीत दीड वर्ष बोलणं बंद राहिलं ते वेगळंच.

उरलेलं काम मग पिढ्यान्‌पिढ्या दगडकाम करणाऱ्या वडार मिस्त्रींच्या टोळीनं, इंजिनिअरच्या सांगण्याप्रमाणे केलं. ते आम्ही उभं राहून पाहिलं, म्हणून क्रम सांगू शकतो. पहिल्या दिवशी एक छिन्नीही चालली नाही. वीज कंपनीकडून सर्व्हिस वायर सोडवली, नळाचा कॉक बंद केला, स्लॅबवरची जुनी कोब्याची भर आणि पाण्याची टाकी उतरवली. खाली दर चार फुटांवर टेकू दिले. दुसऱ्या दिवशी माणसं फोडायच्या भागावर उभी न राहता भिंतीवरून टाकलेल्या फळ्यांवर उभी राहिली. छोट्या हातब्रेकरनं स्लॅबच्या पट्ट्या पाडल्या. मुख्य गज ज्या दिशेनं जातात, म्हणजे बहुधा खोलीच्या आखूड बाजूनं, त्याच दिशेनं पट्ट्या. आधी काँक्रीट मोकळं केलं, गज तसाच जाळीसारखा ठेवला, मग गॅस कटरनं कापला. राडारोडा उरलेल्या स्लॅबवर साठू दिला नाही, पट्टी फुटली की लगेच खाली. पाणी सारखं मारत होते. ही धूळ साधी नसते. तिच्यातल्या वाळूच्या बारीक कणांनी फुप्फुस कायमचं खराब होतं. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा मिस्त्रींनी स्वतःच आणला होता, त्यावरूनच माणूस जाणकार आहे हे आम्हाला कळलं.

वजनाचा अंदाज प्रत्येकानं घ्यावा. सळईच्या काँक्रीटचा एक घनफूट सुमारे ७० किलो भरतो. आमची खोली १२ बाय १०, जाडी ५ इंच, म्हणजे ५० घनफूट, म्हणजे साडेतीन टन. एवढं ओझं डोक्यावर आहे हे कळलं की घरच्या दोन गड्यांना घण देऊन वर चढवायची हिंमत होत नाही. सालगडी कितीही धट्टाकट्टा असला तरी हे त्याचं काम नव्हे. तो पडला तर त्याच्या घरी जाऊन काय सांगणार?

अंगणातल्या कोब्याची गोष्ट निराळी. तो जमिनीवर बसलेला असतो, पडायला जागा नसते. वीस बाय पंधराचं अंगण आणि चार इंच जाडी धरली तर बरोबर एक ब्रास भरतं, वजन पावणेसात टनांच्या घरात. पहार, घण आणि चार माणसं असली तर घरच्या घरी निघतं, भाड्याचा हातब्रेकर मिळाला तर एका दिवसात. फक्त खालून नळाची पाइप आणि मोटारीची केबल कुठून गेली आहे ते आधी आठवावं. शौचालयाची टाकी किंवा बंद पडलेला गोबरगॅस अंगणाखाली असेल तर मात्र झाकण फोडण्यापूर्वी थांबावं. १९८० नंतर आपल्या भागात पुष्कळ गोबरगॅस बांधले गेले आणि त्यातले कित्येक आता कोब्याखाली गडप आहेत. अशा टाकीतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसराही आतच राहतो. उघडून वारा लागू द्यावा, आत कुणीही उतरू नये. उपसा मशीननंच करून घ्यावा.

माणूस ठरवताना नुसता दर विचारू नये. त्यानं याआधी पाडलेली दोन घरं जाऊन पाहावीत, शेजाऱ्याला विचारावं. जेसीबी मोकळ्या जागेतल्या घराला चांगला, गावठाणात भिंतीला भिंत असेल तिथं हातब्रेकरच बरा. तासावर दर ठरला तर मशीन रेंगाळतं, चौरस फुटावर ठरला तर घाई होते. आमचं मत उक्त्या कामाचं, पण क्रम इंजिनिअरनं लिहून दिलेला. कागदावर हे यावं : टेकू कुणाचे, राडारोडा कुठवर नेऊन टाकायचा, शेजाऱ्याचं नुकसान कुणी भरायचं, मजुरांचा विमा आहे का, आणि गज कुणाचा. शेवटच्या मुद्द्यावर भांडणं जास्त होतात. भंगाराला बरा भाव येतो, म्हणून काही जण मजुरी कमी सांगतात आणि गज घेऊन जातात. त्यात गैर काही नाही, पण वजन करून हिशेब आधी व्हावा.

पाडण्यापूर्वी घराची चारही बाजूंनी मापं घ्यावीत, फोटो काढावेत, शेजारच्या भिंतींच्या जुन्या भेगांचेही. ग्रामपंचायतीला लेखी कळवावं, म्हणजे नमुना ८ ला नोंद बदलताना आणि पुढे हद्दीचा वाद निघाला तर पुरावा राहतो.

आता राडारोड्याचं. फुटलेलं काँक्रीट मूळच्या दीडपट जागा व्यापतं, एका ब्रासचा दीड ब्रास होतो. पाडलेल्या बांधकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारनं २०१६ साली पहिल्यांदा वेगळे नियम केले, पण आपल्याकडे अजून रात्री ट्रॉली भरून ओढ्यात रिकामी करण्याची रीत आहे. ओढा किंवा चर बुजला की वरच्या शेतांचं पाणी तुंबतं आणि दोन-तीन वर्षांत तिथं पांढरं फुटतं. क्षारपड जमिनीसाठी निचरा चर खणा म्हणून आम्ही सभा घेतो आणि दुसऱ्या अंगाला तेच चर स्लॅबच्या तुकड्यांनी भरले जातात, हे पाहून वाईट वाटतं. शेतात तर टाकूच नये, नांगराचा फाळ आणि रोटाव्हेटरची पाती तेवढ्यासाठी मोडतात. गज पूर्ण काढून, तुकडे मुठीएवढे करून पाणंद रस्त्याच्या भरावाला हेच काँक्रीट उत्तम. गज राहिला तर तोच पुढच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीचा टायर फाडतो आणि बैलाच्या खुरात घुसतो.

आणि ट्रॉली. राडारोडा वाहणारी ट्रॉली बहुधा उसाचीच असते. गेल्या हंगामात आपल्या गव्हाणीत उसाबरोबर हातभर गजाचा तुकडा आणि त्याला चिकटलेलं काँक्रीट आलं. लोहचुंबक सुटं लोखंड उचलतं, पण मोळीत गुंतलेला आणि वर काँक्रीट असलेला गज त्यानं उचलला नाही. उसाचे तुकडे करणाऱ्या सुऱ्यांची दोन पाती गेली आणि गाळप पाच तास थांबलं. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांचा ऊस तेवढा वेळ वाळत राहिला, आणि तो आपल्याच सभासदांचा होता. ती ट्रॉली कुणाची हे आम्ही इथं लिहीत नाही, ज्याची आहे त्याला माहीत आहे.

येत्या हंगामात वाहतूक करार करताना गट ऑफिसचे कर्मचारी प्रत्येक ट्रॉलीच्या तळाच्या आणि फळ्यांच्या फटी पाहणार आहेत. उन्हाळ्यात ज्यांनी राडारोडा वाहिला असेल त्यांनी ट्रॉली झाडून, पाण्यानं धुऊन आणावी. स्लॅब पाडायचा विचार असेल तर गट ऑफिसला येऊन सांगावं. तालुक्यातल्या इंजिनिअरची आणि आमच्याकडे काम केलेल्या मिस्त्रींची गाठ घालून देऊ. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी या, कारण भिजलेल्या मातीच्या भिंतीशेजारी मिस्त्री काम घेत नाहीत.