गोळी कोठे थांबते?

बी. कॉम.च्या विद्यार्थ्याने जमाखर्च, बँका आणि बाजारभाव सोडून शिकारीच्या बंदुकीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मी आजवर हातात बंदूक धरलेली नाही आणि धरावी अशी इच्छाही नाही. या विषयाकडे मला ओढले ते एका उदबत्तीच्या घराने.

माझे आजोळ बेटमा. इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. भोजराजाचा इ. स. १०२० चा ताम्रपट येथेच सापडला, आणि गुरू नानकांच्या स्मृतीचा गुरुद्वाराही येथे आहे. तेथे आजोबांच्या देवघरात उदबत्ती खोचायला एक पितळी नळी आहे. मधल्या बोटाएवढी लांब, एका टोकाला बंद. बुडाशी इंग्रजी अक्षरांत 'कायनॉक' आणि '.४७०' असे कोरलेले. माझे खापरपणजोबा होळकर संस्थानात कारकून होते. एका शिकारीच्या मुक्कामावरून त्यांनी ती आणली, एवढेच घरात ठाऊक आहे.

"आजोबा, केवढी ही गोळी!" मी लहानपणी म्हणालो होतो.

"गोळी नव्हे रे, ही नुसती पुंगळी. गोळी केव्हाच गेली. ती कोठे जाऊन थांबली, त्यावर सगळे असते."

या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी, वाचन केल्यावर कळला. तोच येथे सांगावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपण मराठीत सरसकट 'गोळी' म्हणतो, कन्नडमध्येही 'गुंडु' म्हणून मोकळे होतो. खरे पाहता काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाल्यावर पुंगळी बंदुकीतच राहते. पुढे जाते ती फक्त गोळी.

आता आकड्यांचा घोळ. जुन्या काळी बंदुकीचे माप 'बोअर'मध्ये सांगत. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या जितक्या गोळ्या होतील तितका बोअर. म्हणजे बारा बोअरची गोळी पौंडाचा बारावा भाग आणि चार बोअरची पाव पौंड, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम! आकडा लहान तेवढी गोळी मोठी, हा उलटा हिशेब लक्षात ठेवावा. म्हैसूर संस्थानात हत्ती पकडण्याचे काम पाहणारा सँडरसन असल्याच अजस्र बंदुका वापरी. त्याचे पुस्तक १८७८ साली निघाले. काळ्या दारूत जोर कमी, म्हणून गोळीचे वजन वाढवावे लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि चित्र पालटले. १८९८ च्या सुमारास रिग्बी या बंदूकवाल्याने .४५० 'नायट्रो एक्स्प्रेस' बाजारात आणली. .४५० म्हणजे व्यास साधारण ०.४५ इंच. पण १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थान आणि सुदान येथे .४५० च्या काडतुसांना बंदी केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांचा व्यास तोच होता, आणि त्या बंडखोरांच्या हाती पडल्या तर शिकाऱ्यांच्या काडतुसांचा माल त्यांना उपयोगी पडेल, ही धास्ती. मग कारखानदारांनी व्यास किंचित बदलून .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढली. सरकारने एक दार लावले की व्यापारी शेजारचे उघडतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे नाही. आजोबांच्या देवघरातली .४७० ही त्या बंदीची नात म्हणावयाची.

.४७० ची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम, सोनाराच्या भाषेत पावणेतीन तोळे. ती सेकंदाला सुमारे ६५० मीटर वेगाने निघते. शिपायाच्या .३०३ ची गोळी जेमतेम एक तोळ्याची, पण वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. वजनाचे निम्मे गुणिले वेगाचा वर्ग, हे शाळेतले सूत्र लावले तर .४७० ची ऊर्जा .३०३ च्या दुपटीहून अधिक भरते.

मग मोठ्या जनावराला मोठी गोळी, झाला हिशेब पुरा? नाही. येथेच नवख्याची चूक होते. ऊर्जा किती नेली, यापेक्षा ती जनावराच्या शरीरात कोठे खर्च झाली, हे महत्त्वाचे.

गोळ्यांच्या मुख्य जाती दोन. एकीवर टोकापर्यंत कठीण धातूचे कवच असते. तिला शिकारी 'सॉलिड' म्हणत. ती आकार न बदलता सरळ खोल जाते. दुसरीचे टोक उघड्या शिशाचे. ती 'सॉफ्ट नोज'. मांसात शिरताच तिचे टोक अळंबीसारखे पसरते, जखम रुंद होते आणि गोळी आतच थांबते. पसरणाऱ्या गोळीला आपल्याच देशातील एका गावाचे नाव मिळाले आहे. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात १८९६-९७ च्या सुमारास कॅप्टन बर्टी-क्ले याने ती लष्करासाठी बनवली. १८९९ च्या हेग परिषदेने असल्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. गंमत अशी की, माणसावर जी गोळी क्रूर ठरली, तीच शिकारीत बहुतेक जनावरांसाठी दयेची मानली गेली. युद्धात शत्रू जायबंदी झाला तरी पुरते. शिकारीत जायबंदी जनावर हाच सर्वांत वाईट परिणाम.

आता निवड कशी करीत ते पाहू. वाघाचे कातडे आणि हाडे त्या मानाने नाजूक. त्याला सॉलिड मारली तर ती आरपार जाऊन पलीकडच्या झाडात थांबे. वाघ लहानसे भोक घेऊन नाल्यात शिरे. म्हणून वाघाला सॉफ्ट. आपल्या खानापूरच्या रानात असतो तो गवा, कन्नडमधला काडुकोण, याचे उलट. मोठा नर आठ-नऊशे किलोपर्यंत भरतो. खांद्याचे स्नायू आणि हाड जबरदस्त. हलकी, वेगवान सॉफ्ट गोळी त्याच्या खांद्यावरच फुटून पसरे आणि हृदयापर्यंत पोहोचत नसे. त्याला जड गोळी, जाड कवचाची किंवा सॉलिड. हत्तीचा मेंदू तर मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ हाडाआड लपलेला; तेथे सॉलिडवाचून उपाय नव्हता.

गोळीची लांबी हाही मुद्दा आहे. व्यास कमी आणि वजन जास्त, म्हणजे लांबट गोळी, दाभणासारखी खोल जाते. वॉल्टर बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले बहुतेक सुमारे सात मिलिमीटर व्यासाच्या लहान रायफलीने. गोळी लांब, घन, आणि नेम हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासून धरलेला. उलट मोठ्या रायफलीचा धक्का खांद्याला इतका बसे की पुष्कळजण चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटत. डोळे मिटून मारलेल्या पावणेतीन तोळ्यांपेक्षा डोळे उघडे ठेवून मारलेला एक तोळा बरा!

शिवाय दुनळी रायफलीच्या मालकाला निवडीचे स्वातंत्र्य थोडेच असे. तिच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर त्या ठराविक वजनाच्या गोळीला जुळवून देई. दुसऱ्या वजनाची काडतुसे भरली की नेम फाकलाच.

इतकी बारीक चिकित्सा कशासाठी, याचे उत्तर चंपावतने दिले आहे. जिम कॉर्बेटने १९०७ साली कुमाऊँमधील चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून चारशेहून अधिक माणसे मारली होती. मेल्यावर तिचे तोंड पाहिले, तेव्हा उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला आणि खालचा हाडापर्यंत गेलेला आढळला. पूर्वी केव्हातरी लागलेल्या गोळीचा तो परिणाम. त्यामुळे नेहमीचे भक्ष्य तिला मारता येईना, असे कॉर्बेटने नोंदले आहे. ती गोळी कुणी झाडली, ते त्याने सांगितलेले नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर कुणीतरी उधारी करून निघून गेला आणि ती चारशे घरांनी फेडली.

इंदूरजवळ रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचे १९०५ सालचे शिकारगृह आहे. १९८९ पासून ती टेकडी अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार संपवली आणि ते योग्यच झाले. मग हे ज्ञान आता जुन्या बाजारातले समजावे काय? मलाही तसेच वाटत होते.

गेल्या हिवाळ्यात बेटम्याला गेलो असता, मामांच्या गव्हाच्या कडेला, नाल्यात एक नीलगाय बसलेली दिसली. तिकडे तिला रोजडा म्हणतात. आम्हाला पाहून ती उठू लागली, पण मागचा पाय उचलेना. मांडीत छऱ्यांची भोके होती आणि जखम दोन-तीन दिवसांची, माश्या बसलेली. कुणीतरी रात्री गावठी बंदूक चालवली होती. वनखात्याची माणसे दुपारी आली. गाडीत चढवताना ती गेली.

मामांचा गहू दर वर्षी हेच कळप तुडवतात. थंडीत रात्र रात्र जागून ते डबे वाजवतात. मी म्हणालो, "मामा, तुमचे तर नुकसानच करीत होती ती."

"करीत होती की," मामा म्हणाले. "सरकारने बंदोबस्त करावा, मी अर्ज देऊन थकलो. पण हा बंदोबस्त नव्हे. ज्याने मारली तो त्या रात्री घरी जाऊन झोपला असेल."

घरी आल्यावर आजोबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी देवापुढे बसले, तेव्हा त्यांनी त्या पितळी नळीतली राख झटकली आणि नवी उदबत्ती लावली. गोळी कोठे थांबते हा प्रश्न शिकाऱ्यांपुरता नाही, हे मला त्या दिवशी पटले. ज्याला त्याचे उत्तर देता येत नाही, त्याने चापाला बोट लावू नये.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष