मित्राला 'नाही' कोण म्हणणार?

१९८६ च्या फेब्रुवारीत मनिलाच्या रस्त्यावर, रणगाड्यांसमोर हातात रोझरी घेऊन गुडघे टेकलेल्या सिस्टर्सचा फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मार्कोस गेले, कोराझोन अक्विनो आल्या. हुकूमशहा वाईट, लोकशाहीवाली बाई चांगली, इथे आपण गोष्ट संपवतो. पण दोघांनी अमेरिकेशी मैत्री कशी निभावली, हे पाहिलं की गोष्ट इतकी सोपी राहत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८९८ मध्ये फिलिपिन्स स्पेनच्या हातून अमेरिकेकडे गेलं आणि १९४६ साली स्वतंत्र झालं. पण पुढच्याच वर्षी झालेल्या कराराने अमेरिकेला ९९ वर्षांसाठी लष्करी तळ मिळाले. त्यातले सर्वांत मोठे म्हणजे क्लार्कचा विमानतळ आणि सुबिकचा नौदल तळ. १९६६ मध्ये ही मुदत कमी करून १९९१ पर्यंत आणली गेली.

फर्डिनांड मार्कोस १९६५ साली निवडून आले. सिनेटमध्ये असताना व्हिएतनामला सैन्य पाठवायला त्यांचा विरोध होता, अध्यक्ष झाल्यावर मात्र १९६६ मध्ये त्यांनी इंजिनियरांची तुकडी पाठवली आणि बदल्यात अमेरिकेकडून मदत मिळवली. हीच त्यांची पद्धत. १९७२ मध्ये त्यांनी मार्शल लॉ लावला, संसद बंद केली, विरोधकांना आणि पत्रकारांना तुरुंगात टाकलं. तरी वॉशिंग्टनची मदत सुरूच राहिली, कारण तळ हवे होते. मार्कोसना हे पक्कं ठाऊक होतं. १९७९ च्या करारात तळांवर फिलिपिनो कमांडर आले आणि पाच वर्षांसाठी ५० कोटी डॉलरची मदत ठरली. १९८३ मध्ये तो आकडा ९० कोटींवर गेला. सौदा करण्यात माणूस हुशार होता, हे मान्य करायलाच हवं.

पण ही मैत्री दोन देशांची कमी आणि दोन राजवाड्यांची जास्त होती. १९८३ मध्ये विरोधी नेते निनॉय अक्विनो यांची मनिला विमानतळावर हत्या झाली. १९८६ च्या निवडणुकीत उघड घोटाळा झाला, कार्डिनल सिन यांच्या हाकेवर लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा रेगन यांचे जवळचे सिनेटर लॅक्सॉल्ट यांनी मार्कोसना फोनवर पद सोडण्याचा सल्ला दिला. ज्या मित्राच्या जोरावर राज्य केलं, त्याच्याच विमानातून ते हवाईला गेले आणि १९८९ मध्ये तिथेच वारले.

निनॉय यांच्या विधवा कोराझोन यांच्या हाती आलं ते कर्जात बुडालेलं राष्ट्र आणि फुटलेलं सैन्य. त्यांच्याविरुद्ध एकामागून एक उठाव झाले. डिसेंबर १९८९ च्या उठावात तर क्लार्कवरून उडालेल्या अमेरिकन विमानांनी त्यांचं सरकार वाचवायला मदत केली. म्हणजे त्यासुद्धा अमेरिकेच्या ऋणी होत्याच!

फरक कुठे पडला? त्यांच्या काळात बनलेल्या १९८७ च्या संविधानात एक कलम होतं: १९९१ नंतर सिनेटच्या संमतीने झालेल्या कराराशिवाय परकीय तळ राहणार नाहीत. १९९१ च्या जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि राखेने भरलेलं क्लार्क अमेरिकेने सोडलं. उरलं सुबिक. ते आणखी दहा वर्षं अमेरिकेकडे ठेवण्याचा करार झाला. अक्विनोबाईंनी त्याच्या बाजूने जोर लावला, स्वतः मोर्चा काढून सिनेटवर गेल्या. १६ सप्टेंबरला मतदान झालं. २३ पैकी १६ मतं हवी होती, मिळाली ११. करार पडला.

बाई हरल्या, त्यांनी चडफड केली असेल, सार्वमताचा विचारही केला. पण सिनेट बंद केलं नाही, कुणाला तुरुंगात घातलं नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेचं आरमार सुबिकमधून निघून गेलं.

अक्विनोंना संत ठरवायची गरज नाही. जानेवारी १९८७ मध्ये जमीन मागायला आलेल्या शेतकऱ्यांवर मेंडिओला पुलाजवळ गोळीबार झाला आणि माणसं मेली, ते त्यांच्याच राजवटीत. स्वतःच्या कुटुंबाच्या प्रचंड ऊसमळ्याचा प्रश्नही त्यांनी नीट सोडवला नाही.

तरीही मला वाटतं, नेतृत्व मोजायचं असेल तर नेत्याने मित्राकडून किती डॉलर आणले, एवढंच विचारून चालत नाही. नेता 'हो' म्हणत असताना देशाला 'नाही' म्हणता येतं का, हेही विचारायला हवं. मार्कोस अमेरिकेशी घासाघीस करू शकत होते, पण त्यांच्या देशात मार्कोसना नकार देणारं कुणी उरलं नव्हतं. अक्विनोंच्या देशात ते बारा जणांनी दिलं, आणि त्यांनी ते ऐकलं. रोझरी घेऊन बसलेल्या त्या सिस्टर्सनी नेमकं काय मिळवलं, असं कुणी विचारलं तर मी त्या बारा मतांकडे बोट दाखवेन.