टाकी किती लिटरची?

भदभदा ओलांडून नीलबड, रातीबडच्या दिशेने निघालं की भोपाळ मागे पडतं आणि फार्महाऊसच्या पाट्या सुरू होतात. पोहण्याचा तलाव, हिरवळ, झोपाळा, दहा खोल्या. फोटोत सगळी एकाच साच्यातली दिसतात. काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाला पुणे, नागपूर, इंदूरहून ३५ माणसं यायची होती. त्यांच्यासाठी केरवा धरणाच्या बाजूचं असंच एक घर घेतलं आणि मंडळी यायच्या आदल्या दिवशी मी तिथे जाऊन ठाण मांडलं.

चौकीदार भैयांनी खोल्या दाखवल्याच नाहीत, थेट गच्चीवर नेलं. हजार लिटरच्या तीन काळ्या टाक्या. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असा सरकारी हिशेब असतो. त्या मापाने ३५ माणसांना पावणेपाच हजार लिटर लागतात, म्हणजे टाक्या काठोकाठ भरल्या तरी दुपारपर्यंत खडखडाट. घराला बोअर आहे, पण खडकातलं. पंप सलग चालवला की पाणी तुटतं, नळीतून नुसती हवा येते. मग थांबायचं, झरा भरू द्यायचा, पुन्हा बटण दाबायचं. ही उठबस भैयांची रात्रभर चालते. पाहुणे उठतात तेव्हा नळाला पाणी असतं, त्यामुळे कुणाच्या काही लक्षातही येत नाही. घर ठरवताना मी किती खोल्या, किती पलंग हे खोदून खोदून विचारलं होतं. टाकीचं नावही काढलं नव्हतं, आणि माझ्या ओळखीत कुणी काढतही नाही.

दिवस डिसेंबरचे. भोपाळला तेव्हा रात्री पारा सहज १० अंशांखाली उतरतो. सहा न्हाणीघरांत सहा गिझर, प्रत्येकी २ किलोवॉटचे. सगळे एकदम लावले तर १२ किलोवॉट, त्यात पंप सुरू झाला की मेन स्विच पडलाच. म्हणून मागच्या अंगणात बंब ठेवलाय. भैयांच्या घरच्या भाभी पहाटे पाचला तो पेटवतात, जळण घालत राहतात आणि बादल्या दाराशी नेऊन ठेवतात. पुण्याच्या आत्या दुसऱ्या दिवशी गिझर सोडून बंबाच्या रांगेत उभ्या राहिल्या, ते वेगळं.

दुपारी टेंट हाउसचा टेम्पो आला. गाद्या, उशा, रजया. इथे मात्र भाभींचा शब्द शेवटचा. प्रत्येक रजई त्या उन्हासमोर आडवी धरत. कापूस सरकून कडेला गोळा झाला असेल तर मधल्या भागातून उजेड दिसतो. ती रजई परत टेम्पोत. मग खोळीत हात घालून आत ओल आहे का ते बघायचं, नाक लावून वास घ्यायचा आणि कुंपणाच्या भिंतीवर उन्हात टाकायची. जड रजया म्हाताऱ्यांच्या खोलीत, हलक्या गच्चीलगतच्या दालनात, कारण तिथे पोरं पत्ते कुटत जागणार. ४० मोजून घेतल्या. ‘गिन के लिया है, गिन के देंगे,’ त्यांनी टेम्पोवाल्याला बजावलं.

दुसऱ्या संध्याकाळी दाल-बाफले. मोठा जमाव जेवायला असला की भोपाळ-इंदूरकडे दुसरा बेत कुणाला सुचत नाही, आणि सुचायचं कारणही नाही. स्वयंपाकाच्या महाराजांनी पाच किलो जाडसर कणीक घेतली, त्यात मक्याचं थोडं पीठ, ओवा, मीठ, हळद, तुपाचं मोहन. घट्ट मळून गोळे केले आणि उकळत्या पाण्यात सोडले. गोळा तळाशी बसतो, शिजला की आपसूक वर येतो. वर आलेला झाऱ्याने काढून कापडावर निथळत ठेवायचा. तोवर गोवऱ्यांचा जाळ ओसरून निखारे झालेले. त्यांत बाफले भाजायचे, तडकले की राख झटकायची, मुठीत किंचित दाबायचे आणि तुपाच्या पातेल्यात बुडवायचे. उकडण्याची पायरी गाळली की झाली बाटी. नागपूरच्या भाच्याने दोन्हींत फरक काय म्हणून विचारलं, तेव्हा महाराजांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न त्याच्या ओठांवरच राहिला.

जेवणं आटोपताच भैयांनी उष्टं-खरकटं झाकणाच्या पिंपात भरून फाटक लावलं. अंधार पडल्यावर बाहेर फिरायला जायचं नाही, ही इथली पक्की शिस्त. केरवा-कलियासोतच्या पट्ट्यात वाघ फिरतात. खरकटं बाहेर टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. पलीकडच्या रातापानीच्या जंगलाला डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि नाव दिलं गेलं विष्णु श्रीधर वाकणकरांचं. १९५७ मध्ये भीमबेटकाची गुहाचित्रं जगासमोर आणणारे ते हेच. काकांनी ही माहिती पोरांना मोठ्या अभिमानाने सांगितली; पोरांना वाघ दिसेल का एवढंच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी अकराला घर सोडायचं, कारण दुपारी दुसरा गट. भाभींनी खोळी उतरवून रजयांचा ढीग लावला आणि मोजायला बसल्या. ४१ भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी ४१. टेंट हाउसचा माणूस खूश, भाभी अस्वस्थ. शेवटी एकेक उलगडून पाहिली तेव्हा कळलं की इंदूरच्या मामींनी घरून आणलेली स्वतःची रजई चुकून त्या ढिगात गेली होती. तिच्या कोपऱ्यावर मामींच्या धाकटीचं नाव शिवलेलं होतं, त्यावरून ती मिळाली.