तारापूरच्या सांडपाण्यातील गाळ
पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधे, रंगद्रव्ये, रसायने, कापड आणि पोलाद तयार करणारे कारखाने असून त्यांच्या सांडपाण्यासाठी उभारलेल्या सामुदायिक प्रक्रिया केंद्राची चर्चा बहुधा जुन्या २५ आणि नव्या ५० दशलक्ष लिटर दैनिक क्षमतेच्या आकड्यांभोवतीच फिरते. प्रक्रिया खरोखर झाली की नाही, हे मात्र पाण्यातून वेगळा झालेला गाळ किती नियमितपणे बाहेर पडला यावरून ठरते.

सांडपाण्यात चुना किंवा फेरस सल्फेट मिसळल्यावर धातू आणि सूक्ष्म कण गुठळ्या होऊन क्लॅरिफायर नावाच्या गोल टाकीच्या तळाशी बसतात व संथपणे फिरणारा स्क्रेपर त्यांना मध्यभागी ओढून आणतो. हा गाळ वेळेवर उपसला नाही तर तो तळाशीच कुजू लागतो, त्यातून सुटणारे वायूचे बुडबुडे त्याला वर उचलतात आणि निवळलेले पाणी पुन्हा गढूळ होते.

दाट गाळ ओढणे साध्या पंपाला जमत नाही, म्हणून तेथे स्क्रू पंप लावतात, ज्यात रबरी अस्तराच्या पोकळीत फिरणारा पिळाचा दांडा गाळ कप्प्याकप्प्याने पुढे ढकलतो. तो थोडा वेळ जरी कोरडा चालला तरी रबर जळते. पुढे फिल्टर प्रेसमध्ये कापड चढवलेल्या प्लेटा हायड्रॉलिक दाबाने आवळून त्यांच्यामध्ये गाळ कोंबला जातो, पाणी कापडातून झिरपते आणि प्लेटा उघडल्यावर कामगार चिकटलेला ‘केक’ खरवडून काढतात. गाळ तेलकट असला की कापडाची छिद्रे बुजतात. तेथे वेगाने फिरणाऱ्या पिंपात पाणी व घनपदार्थ वेगळे करणारा डिकँटर अधिक उपयोगी पडतो. या खटाटोपाचे मोल साध्या हिशेबाने कळते: २ टक्के घनपदार्थ असलेला १०० टन गाळ २५ टक्क्यांपर्यंत घट्ट केला की त्याचे वजन केवळ ८ टन उरते.

यंत्रे बंद पडली म्हणून टाकीत माणूस उतरवणे प्राणघातक आहे, कारण कुजलेला गाळ ढवळताच हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि त्याचे प्रमाण वाढल्यावर नाकाला वासही जाणवेनासा होतो.

गाळ टाकीत साचत राहिल्याची किंमत शेवटी खाडीला आणि मच्छीमारांना मोजावी लागते. वसाहतीजवळच्या मुरबे-सातपाटी खाडी परिसरातील प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, तर २०१८ च्या केंद्रीय मूल्यमापनात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले.

रासायनिक गाळाचा केक २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरतो. तो तळोज्यासारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवताना प्रत्येक ट्रकसोबत वजन नोंदवलेले मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतूक-पत्र, द्यावे लागते. ही वजने प्रक्रिया केंद्रात आलेल्या सांडपाण्याच्या आकड्यांशेजारी दरमहा जाहीर केली, तर मुरब्याच्या मच्छीमारालाही गाळ केंद्रातून निघाला की तेथेच राहिला याचा पडताळा घेता येईल.