एका हांकेला दोन उत्तरें

चाळीसगांवच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशीं पाटण आहे. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिला व निकुंभ राजांनीं त्यास देणगी दिली, असें १२०७ सालच्या त्या लेखांत नमूद आहे. आम्हां जळगांवकरांना ह्याचा अभिमान वाटतो. जरा अधिकच वाटतो, असें धुळ्याचे माझे एक स्नेही म्हणतात. परंतु आज शिलालेखाविषयीं बोलावयाचें नाहीं. ११५० सालच्या 'लीलावती'तील कुट्टकाचें एक गणित संगणकाकडून करून घेतांना माझी जी फजिती झाली, ती सांगावयाची आहे.

गणित असें: २२१ ला कोणत्या संख्येनें गुणून त्यांत ६५ मिळविले असतां १९५ नें नि:शेष भाग जाईल? गुणक ५ आणि भागाकार, म्हणजे आचार्यांची लब्धि, ६. २२१ ची पांचपट ११०५. त्यांत ६५ मिळविले कीं ११७०. आणि १९५ ची सहापटही तीच. प्रश्न एक, उत्तरें दोन.

संख्यांच्या मोठ्या हिशेबांसाठीं मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह हीं सॉफ्टवेअरें प्रसिद्ध आहेत. त्यांतलें दुसरें विनामूल्य मिळतें, आणि त्याला रसायन-अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकांचें नांव दिलेलें आहे. ह्यांची स्वत:ची भाषा सोयीची खरी, पण लक्षावधि फेऱ्यांच्या कामांत मंद. म्हणून तेवढा भाग सी भाषेंत लिहून, कंपायलरकडून यंत्राच्या भाषेंत उतरवून, मागाहून जोडतां येतो.

अडचण येथेंच सुरू होते. सी भाषेंतील फंक्शन एका वेळीं एकच किंमत परत देतें. त्यावर तोड अशी काढली आहे कीं, मूळ सॉफ्टवेअर जोड-प्रोग्रामाला हांक मारतांना उत्तरें किती हवींत तो आंकडा आणि तीं ठेवण्यास रिकाम्या जागा सोबत देतें. आंकड्याचें नांव एनएलएचएस, जागांचें पीएलएचएस. जेवणाऱ्यानें ताटांत दोन वाट्या मांडल्या, आपण वाढावयाचें, इतकेंच. मात्र सी भाषेंत वाट्यांची मोजणी शून्यापासून होते.

मीं ती एकापासून केली. पहिली वाटी रिकामी, दुसरींत गुणक आणि लब्धि ताटाबाहेर! पहिलें उत्तर मिळालें नाहीं, असा निरोप पडद्यावर आला. तो आला हें भाग्यच, कारण ताटाबाहेर सांडलेलें दरवेळीं दिसत नाहीं. हांक मारणाऱ्यानें चौकटी कंसांत दोन नांवें लिहिलीं नाहींत, तर तो एकच उत्तर मागतो. अशा वेळीं आपण दोन वाढलीं, तर दुसरें स्मृतींतील परक्या जागेवर पडतें; तत्क्षणीं कांहीं बिघडत नाहीं, आणि अर्ध्या तासानें भलत्याच कामांत सारें सॉफ्टवेअर कोसळतें. म्हणून दुसरी वाटी भरण्यापूर्वीं एनएलएचएस दोन आहे ना, हें विचारावें. शून्य मागितलीं असलीं तरी पहिली वाटी असतेच. तींतलें उत्तर 'आन्स' ह्या नांवाखालीं जमा होतें. ऑक्टेव्हची स्वत:ची सी-प्लस-प्लस पद्धत निराळी. तींत उत्तरांची यादी परत द्यावयाची. जादा असतील तीं निमूटपणें टाकून दिलीं जातात. त्या पद्धतीवर वाढलेला हात इकडे येऊन हटकून सांडतो.

मीं दुरुस्ती केली, तरी निरोप तोच. दोन तास डोकें खाजविल्यावर कळलें कीं प्रोग्रामाची जुनीच प्रत स्मृतींत होती. 'क्लिअर' ही आज्ञा देतांच नवी उतरली. कोणती फाइल चालू आहे हें सांगणारी 'व्हिच' ही आज्ञाही अशा वेळीं आधीं द्यावी.

त्यानंतर निरोप थांबले. शाळेच्या मुलांना वाटण्यासाठीं मीं शंभर गणितांचा तक्ता काढून छापूनही घेतला. धुळ्याच्या स्नेह्यांनीं तो पाहिला, पहिल्या ओळीवर बोट ठेविलें आणि विचारलें, "२२१ ची सहापट किती?" १३२६. त्यांत ६५ मिळवून १३९१. आणि १९५ ची पांचपट ९७५! कुट्टकाच्या अखेरीस दोन संख्या उरतात, वर लब्धि व खालीं गुणक. मीं त्या तशाच क्रमानें वाट्यांत ठेविल्या होत्या, आणि हांक मारतांना मात्र गुणकाचें नांव आधीं लिहिलें होतें. दोन्ही संख्या बिनचूक, जागा तेवढ्या उलट. यंत्रानें तक्रार ती कशाची करावी?

तक्ते रद्दींत गेले. आतां कोणताही जोड-प्रोग्राम लिहितांना मीं आधीं पहिल्या वाटींत ११ आणि दुसरींत २२ असे आंकडे ठेवून बाहेर काय येतें तें पाहतों, आणि मगच खरा हिशेब घालतों. उत्तर देण्यापूर्वीं प्रोग्राम स्वत:च गुणाकार करून ताळा घेतो, आणि जमला नाहीं तर थांबतो. पहिल्याच दिवशीं तो तीनदां थांबला.