ट्रॅक्टर वर, खोली खाली : पण आधी पाण्याला विचारा



ऊसनोंदीच्या निमित्ताने शेतकी खात्याचे लोक गावोगाव फिरतात, तेव्हा बोलणं नुसतं बेणं आणि खतापुरतं राहत नाही. घरबांधणीचाही विषय निघतो. अलीकडे एक प्रश्न पुष्कळदा कानावर येतो. "साहेब, ट्रॅक्टरसाठी शेड बांधतोयच, तर त्याच्या खाली एक खोली काढली तर काय हरकत?"

विचार वावगा नाही. वाटण्या होऊन गावठाणातली जागा अपुरी पडू लागली आहे. शेडचा पाया काढावाच लागतो, तर अजून सात-आठ फूट खाली गेलं की पोरांना अभ्यासाला, धान्याच्या कणगीला किंवा पाहुण्याला टेकायला एक खोली होते. शिवाय जमिनीच्या पोटात उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब असते. परंतु घरात राहणारी माणसं आणि ऊसबिलातून साठवलेला पैसा, दोन्ही या खड्ड्यात उतरणार असतात. म्हणून हा लेख. इमारतीचा हिशेब इंजिनिअरने करायचा. मी माती आणि पाणी एवढ्यापुरतंच मुख्यतः बोलणार आहे, कारण तळघर बिघडतं ते तिथंच.

जुन्या लोकांनी कुठं खोदलं?

जमिनीखाली जाणं आपल्या मुलखाला नवीन नाही. पन्हाळ्याची अंधारबाव आपण सर्वांनी पाहिली असेल. आदिलशाही काळातली ही तीन मजली वास्तू. तळाला पाणी, त्यावर माणसाला वावरता येईल असे मजले आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघणारी वाट. तिथली जमीन जांभ्याची आणि जागा उंच डोंगराची. पाणी कुठवर आहे हे ओळखून माणसाची जागा त्याच्या वर ठेवली आणि बाहेर पडायला दुसरी वाट ठेवली. या दोन गोष्टी आजही लागू आहेत.

दुसरं उदाहरण सांगलीजवळच्या हरिपूरचं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद साठवायची जमिनीखालची पेवं प्रसिद्ध आहेत. तिथल्या मातीचा गुणच असा, की पेवात वर्षानुवर्षं हळद टिकायची. पण २००५ सालच्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि मोठं नुकसान झालं. पिढ्यान् पिढ्या कोरडी राहिलेली जागा एका पावसाळ्यात हातची गेली. जमीन चांगली असली तरी नदीचं पाणी वेगळा हिशेब मांडतं, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडे २०१९ आणि २०२१ साली काय झालं ते सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. दोन्ही वेळा पाणी तिच्या दहा फुटांहून अधिक वर गेलं. ज्या घरांच्या उंबऱ्याला पाणी लागलं, त्या घरांखाली खोली काढण्याचा विचार मनातून काढून टाकावा. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरलेली असते. आपली जागा या रेषांच्या आत की बाहेर, हे खोदण्यापूर्वी बघावं.

विहीर खरं सांगते

नदीपासून लांब असलात तरी प्रश्न संपत नाही. आपला भाग बागायती. पाऊस आणि पाटपाणी मिळून भूजल वर येतं. वैशाखात खड्डा काढला तर तो कोरडा ठणठणीत दिसतो आणि माणूस फसतो. खरी पातळी श्रावण-भाद्रपदात दिसते. घराजवळच्या विहिरीत त्या दिवसांत काठापासून पाणी किती फुटांवर आहे ते दर आठवड्याला मोजून खडूने लिहून ठेवा. सगळ्यांत वर आलेल्या पातळीच्या किमान तीन-चार फूट वर खोलीची जमीन राहात असेल, तरच पुढचं बोलणं.

पाणी खोलीच्या बाहेर साठलं की नुसतं पाझरत नाही, ते उचलतं. रिकामी घागर हौदात दाबून बघा, हाताला कळेल. फरशीच्या वर पाच फूट पाणी बाहेरून उभं राहिलं, तर दर चौरस फुटाला सुमारे १४० किलोचा दाब खालून वर येतो. चार इंची काँक्रीटच्या कोब्याचं वजन दर चौरस फुटाला जेमतेम २३ किलो. दहा बाय बाराच्या खोलीत हा दाब मिळून १७ टनांच्या आसपास जातो. मग कोबा फुगून फुटला तर त्यात गवंड्याचा काय दोष?

काळं रान आणि मुरूम

शिरोळ, हातकणंगल्याकडच्या नदीकाठच्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगून भेगा मिटतात. उसाला ही माती सोन्याची, पण भिंतीला वैरीण. ओली होऊन फुगली की ती खोलीच्या भिंतीला बाजूने रेटते. नऊ इंची विटांची भिंत हा रेटा सोसत नाही. पोट काढते आणि आडवी तडकते. घट्ट मुरूम किंवा जांभा असेल तिथं काम त्यामानाने सोपं. काळ्या मातीत करायचंच झालं तर भिंत आर.सी.सी.ची आणि हिशेब करून काढलेली हवी. भिंतीमागे तीच काळी माती परत न भरता मुरूम आणि खडी भरावी आणि तळाला पाणी निघून जाण्यासाठी नळी टाकून ती उताराला काढावी.

ओल बाहेरून थोपवायची असते. बाहेरून शहाबादी फरशीचं पेटीसारखं अस्तर देण्याची पद्धत आपल्याकडच्या कारागिरांना माहीत आहे. भिंत उघडी आहे तोवरच ते काम होतं. नंतर आतून कितीही गिलावा थापला तरी पाणी दुसरीकडून वाट काढतं.

डोक्यावरचा भार

राहत्या घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून करतात. ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या घरात. ते सगळं वजन चारच ठिकाणी टेकतं आणि ट्रॉली जोडली की मागच्या चाकांवर आणखी येतं. म्हणून "घरासारखाच स्लॅब टाका" असं गवंड्याला सांगून भागत नाही. वर नेमकं काय उभं राहणार ते इंजिनिअरला लिहून द्या. आणि ज्या रात्री वाहतूक अडकते त्या रात्री उसाने भरलेली ट्रॉली या स्लॅबवर उभी करायची नाही, हा घरातला कायदा करा.

न दिसणारा धोका

जुनी माणसं पेव उघडलं की लगेच आत उतरत नसत. धान्य श्वास घेतं, त्याने पेवातला प्राणवायू कमी होऊन घुसमट करणारा वायू तळाला साठतो. कंदील खाली सोडून तो विझतो का ते बघायची रीत होती. शेडखालच्या खोलीत याहून वेगळं संकट आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. वर मोटरसायकलची टाकी गळाली तर ती वाफ पायऱ्या उतरून खाली जाते. तिथं कंदील नेणं म्हणजे आगीला बोलावणं. स्वयंपाकाचा गॅसही असाच खाली बसतो. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू तर वासाने कळतही नाही. म्हणून खोलीचा जिना शेडच्या आतून काढू नये, बाहेरून काढावा. वरच्या स्लॅबला भोक किंवा फट ठेवू नये. समोरासमोर दोन झरोके, एक खाली आणि एक छताजवळ, जाळी लावून ठेवावेत. जाळी असली की साप-विंचूही येत नाही. डिझेलचे कॅन, फवारणीची औषधं, खताची पोती खाली ठेवायची नाहीत. पावसाळ्यात गूळही नको, ओलीने पाझरतो. झोपायला वापरणार असाल तर बाहेर पडायला दुसरी वाट हवीच.

मग करायचं काय?

ज्यांची जागा उताराची आहे, म्हणजे रस्त्याकडून शेडमध्ये सरळ जाता येतं आणि मागची बाजू सात-आठ फूट खाली आहे, त्यांनी हे काम जरूर करावं. मागच्या बाजूला दार-खिडकी काढता येते, उजेड येतो, पाणी आपसूक निघून जातं. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या सभासदांना अशी जागा पुष्कळदा मिळते. सपाट काळ्या रानातल्या आणि नदीकाठच्या सभासदांनी मात्र जमिनीत न जाता वर जावं. शेडच्या खांबांचा पाया थोडा वाढवून वरती खोली काढली, तर पुराच्या वेळी तीच खोली आसऱ्याला येईल.

खोदण्यापूर्वी ग्रामपंचायतीत किंवा नगररचना कार्यालयात परवानगीचं विचारावं. गावठाणाचे आणि शेतजमिनीचे नियम सारखे नसतात. शेजाऱ्याच्या भिंतीला लागून खड्डा काढायचा असेल तर त्याच्या पायाचाही विचार करावा, नाहीतर बांधाची भांडणं घरापर्यंत येतात.

घाई करू नका. येता पावसाळा नुसता विहीर मोजण्यात जाऊ द्या. दसऱ्याला ते आकडे घेऊन इंजिनिअरकडे जा. एक वर्ष थांबल्याने शेडचं काही बिघडत नाही. पाण्याला न विचारता काढलेली खोली मात्र पुढे दरवर्षी पंप लावून उपसत बसावी लागते.

— ऊस विकास अधिकारी