प्रूफ नाणे की घासलेले नाणे?

प्रूफ नाणे म्हणजे पाडून झाल्यावर घासून उजळवलेले नाणे, असा समज नव्या संग्राहकांमध्ये सर्रास आढळतो. वस्तुतः त्याची झळाळी नाणे पाडण्याच्या आधीच तयार झालेली असते. ज्या पोलादी ठशावर नाण्याचे चित्र उलटे कोरलेले असते, त्याची सपाट पार्श्वभूमी प्रूफसाठी आरशासारखी घोटली जाते, चित्राचा व अक्षरांचा भाग अलीकडच्या नाण्यांत मुद्दाम दुधाळ ठेवला जातो, धातूची कोरी चकतीही घोटून घेतली जाते आणि मग अधिक दाबाने, एकाहून अधिक वेळा ठसा मारून नाणे पाडले जाते. अशी नाणी बँकेच्या खिडकीवर येत नाहीत. मुंबईच्या फोर्टमधील टांकसाळ ती बंद संचांत संग्राहकांना विकते.

चलनी नाणे वेगाने, एकाच ठोक्यात पडते. त्या वेळी धातू केंद्राकडून कडेकडे सरकतो व त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठावर उमटतात, म्हणून कोरे चलनी नाणे दिव्याखाली तिरपे धरून फिरवले की प्रकाशाचे पट्टे केंद्राभोवती फिरताना दिसतात. घासल्याने पहिल्यांदा नष्ट होते ती हीच चमक, आणि एकदा गेलेली ती कोणत्याही उपायाने परत येत नाही.

महाराष्ट्रातील घरांत याचा सर्वाधिक फटका राणीछाप आणि राजाछाप रुपयांना बसला आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच, राख किंवा टूथपेस्ट लावून ते लखलखीत करण्याचा परिपाठ श्रद्धेचा असला, तरी व्हिक्टोरियाच्या मुकुटावरील आणि केसांच्या बटांवरील बारकावे वर्षानुवर्षांच्या घासणीने बोथट होतात, आणि पुढे असा रुपया विकायला निघाला की त्याच्या चकाकीलाच प्रूफचा दर्जा देण्याचा मोह विक्रेत्याला होतो. भिंगाखाली मात्र तो लगेच ओळखू येतो: झिजलेल्या उंचवट्यांवरही सपाट भागाइतकीच चमक असते, अक्षरांच्या बेचक्यांत काळा मळ राहिलेला असतो आणि कडेचे दात गुळगुळीत झालेले असतात. पूर्वी दागिन्यात ओवलेल्या रुपयाच्या कडेवर कडी काढल्याची खूणही सापडते. प्रूफमध्ये याउलट कड काटकोनी, दात धारदार आणि अक्षरांच्या भिंती सरळ उभ्या असतात.

सर्वांत खात्रीचा पुरावा बारीक रेषांचा होय. ठसा घोटताना त्यावर ओरखडे पडले असतील, तर नाण्यावर ते उंचावलेले उमटतात आणि अक्षराच्या पायथ्याशी थांबतात; कापडाने किंवा पावडरीने घासल्याच्या रेषा मात्र धातूत खोल गेलेल्या असतात व मोकळ्या भागातून थेट अक्षरांवर चढतात. अस्सल प्रूफही कुणी पुसले असेल तर त्याच्या आरशावर अशा रेषा दिसतात, तेव्हा रेषा दिसल्या म्हणून नाणे प्रूफ नव्हेच, असा निष्कर्षही घाईचा ठरेल.

टांकसाळीचे चिन्ह हा सोयीचा दुवा आहे. मुंबईच्या स्वतंत्र भारतातील चलनी नाण्यांवर वर्षाखाली लहान चौकट असते, प्रूफवर पूर्वी रोमन लिपीतील ‘बी’ आणि शहराचे नाव बदलल्यानंतर, १९९६पासून, ‘एम’ हे अक्षर येते. तथापि ब्रिटिश काळात मुंबईत पडलेल्या अनेक साध्या चलनी रुपयांवरही ‘बी’ असल्याने राणीछाप रुपयाच्या बाबतीत या अक्षरावरून काहीच सिद्ध होत नाही.

अवघड प्रश्न उरतो तो पुनर्मुद्रित प्रूफचा, ज्याला संग्राहक ‘रीस्ट्राइक’ म्हणतात. ब्रिटिश अमदानीतील जुन्या नाण्यांचे ठसे पुन्हा वापरून मुंबईच्या टांकसाळीने संग्राहकांसाठी नंतरही प्रूफ पाडली. त्यांचा आरसा खरा, कड खरी आणि टांकसाळही तीच असल्यामुळे येथे भिंग पुरे पडत नाही, वजन आणि ठशाचे तपशील मूळ नमुन्यांशी ताडूनच निर्णय करावा लागतो.